बँकॉकला उतरायचं आणि परत यायचं क्वालालंपूरहून, तर चालतं का?

मिरजकर_मेकॅनिक:

नमस्कार मंडळी. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय, मुक्काम मिरज. मी, सौ. आणि माझा मेहुणा असे तिघं जण डिसेंबरात थायलंड-मलेशिया करायचं म्हणतोय. तिघांचाही पहिलाच परदेश. बेत असा, की मुंबईहून विमानाने बँकॉक, आठवडाभर तिकडेच हिंडायचं, मग रात्रीच्या रेल्वेने मलेशियाच्या हद्दीवर, तिथून पेनांग, मग क्वालालंपूर, आणि क्वालालंपूरहून विमानाने घरी. बँकॉकहून पेनांगला विमान जातं हे मला ठाऊक आहे, कृपया ते कोणी सुचवू नये. मिरज जंक्शनच्या शिट्ट्या ऐकत लहानाचा मोठा झालोय, गाडीत बसून देशाची हद्द ओलांडायची हौस आहे आणि ती मी भागवणार.

विमानाची तिकिटं काढून झाली. मुंबई-बँकॉक एका कंपनीचं, क्वालालंपूर-मुंबई दुसऱ्या कंपनीचं. आता गावातला एजंट म्हणतो, "काका, तुमचं बँकॉकचं तिकीट एकेरी दिसतंय. थायलंडमधून बाहेर पडायचं तिकीट दाखवलं नाही तर मुंबईतच अडवतील." त्यावर उपायही त्याच्याचकडे. बँकॉक-मुंबई डमी तिकीट, माणशी नऊशे रुपये. वर 'ओके टू बोर्ड' म्हणून माणशी पाचशे. तिघांचे मिळून चार हजार दोनशे झाले. पैशाचं एक वेळ जाऊ दे, पण डमी तिकीट म्हणजे नक्की काय प्रकार आहे? खोटं तिकीट घेऊन सरकारी माणसापुढे उभं राहायचं माझ्याच्याने होणार नाही, घाम फुटेल.

क्वालालंपूर-मुंबईचं पक्कं तिकीट हातात असताना हे सगळं लागतं का? आणि दुसरं, मेहुणा नववीपर्यंत शिकलाय, वय ४६, त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलंय. त्याला काही वेगळं लागेल का? जाणकारांनी सांगावं.

भटकंती_नॉनस्टॉप:

काका, अजिबात टेन्शन घेऊ नका. मी दरवर्षी बँकॉकला जातो, आजवर एकदाही कोणी परतीचं तिकीट मागितलं नाही. शिक्का मारतात आणि सोडतात. एजंट लोक पहिल्यांदा जाणाऱ्याला घाबरवून पैसे काढतात, एवढंच. फारच वाटलं तर काउंटरवर उभ्या उभ्या मोबाइलवरून एखादं स्वस्तातलं तिकीट काढता येतं. एन्जॉय करा!

रात्रपाळी_टी२:

भटकंती, तुम्ही दरवर्षी परतीच्या तिकिटावर जात असणार. एकाच बुकिंगमध्ये जाणं-येणं असेल तर काउंटरवरच्या माणसाला ते स्क्रीनवर आपोआप दिसतं, मग तो विचारेल कशाला? काकांचं तसं नाही. त्यांच्या बुकिंगमध्ये फक्त मुंबई-बँकॉक आहे आणि पुढे कोरं.

काका, मी बरीच वर्षं मुंबईला टर्मिनल दोनवर चेक-इनला होते. आता ते काम सोडलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

हा प्रश्न थायलंडचा अधिकारी विचारेल तेव्हा विचारेल, त्याच्या आधी विमान कंपनी विचारते. कारण सरळ पैशाचं आहे. तुम्हाला बँकॉकला आत घेतलं नाही, तर परत आणायची जबाबदारी ज्या कंपनीने तिथे नेलं तिची. विमान वाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार आहे, त्याच्या नवव्या परिशिष्टात हे लिहिलेलं आहे, आणि प्रवासी विमानात बसण्याआधीच त्याचे कागद तपासा असंही तिथेच लिहिलंय. त्यावर त्या त्या देशाचा दंड निराळा. ब्रिटन अशा माणशी २,००० पौंड लावतं. आपणही काही मागे नाही. कागद धड नसलेला प्रवासी भारतात आणला तर कंपनीला माणशी एक लाख रुपये दंड, असा २००० सालचा कायदा होता. आता त्याची जागा २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने घेतलीय. असं परत आलेल्या प्रवाशाला आमच्या भाषेत 'इनॅड' म्हणतात. इनॅड आला की त्या चेक-इनवर कोण होतं त्याचं नाव काढतात, मेमो निघतो. पंचविशीतल्या, पगार बेताचा असलेल्या पोरीला तो मेमो नको असतो. तुम्ही तिच्याकडे गेलात की तिच्या डोक्यात हे चाललेलं असतं.

ती बघते काय? टिमॅटिक. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची ही नियमांची वही, १९६३ पासूनची, आता अर्थातच कॉम्प्युटरवर. नागरिकत्व कुठलं, कुठून कुठे, किती दिवस, हे टाकलं की त्या देशाला काय काय लागतं ते समोर येतं. थायलंडला भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, ही सवलत नोव्हेंबर २०२३ पासून आहे, आणि जुलै २०२४ मध्ये मुक्काम ३० चा ६० दिवस केला होता. हे आकडे सरकार बदललं की बदलतात, तुमचा आठवडाभराचाच मुक्काम आहे म्हणून तुम्हाला त्याने फरक पडू नये, पण निघायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. व्हिसामाफीवर जाणाऱ्याकडे मुदतीच्या आत देशाबाहेर पडायचं तिकीट हवं, ही अट मात्र सोबत येतेच. व्हिसा काढलेला असता तर दूतावासाने तुमचे कागद आधीच बघितलेले असते. व्हिसा नाही म्हणजे ती तपासणी काउंटरवर येऊन पडते.

आता तुमचा मूळ प्रश्न. क्वालालंपूर-मुंबईचं तिकीट तुम्ही घरी येणार हे सांगतं. थायलंडमधून कसे निघणार, हे ते सांगत नाही. काही जण तेवढ्यावर समाधान मानतात. काही जण विचारतात, "सर, बँकॉक टू केएल कसे जाणार?" आणि तुम्ही "रेल्वेने" म्हणालात की पुढचा प्रश्न, "तिकीट?" मधली कडी तेवढी गाळलीत, एवढंच तुमचं झालंय. ती कडी म्हणजे रेल्वेचं तिकीट, आणि ते तुम्ही नाहीतरी काढणारच आहात. मग मुंबईतून निघायच्या आधी काढा. थायलंडच्या रेल्वेचं ऑनलाइन बुकिंग आहे, परदेशी माणसाचं नाव आणि पासपोर्ट नंबर घालून तिकीट येतं. नाव पासपोर्टबरहुकूम हवं. तिघांची छापील प्रत काढा.

आणि कागद कसे लावायचे तेही ऐका, कारण खरी गंमत तिथेच होते. लोक मोबाइलमध्ये शोधत बसतात. हा मेल, नाही हा नाही, थांबा हं, नेट येत नाहीये. मागे रांग, शेजारच्या काउंटरवर कोणाची तरी लोणच्याची बरणी फुटलेली. त्या मुलीकडे एका प्रवाशामागे तीन-चार मिनिटं असतात. तिला एका नजरेत गोष्ट संपेल असा कागद द्या. एका फोल्डरमध्ये वरून खाली, मुंबई-बँकॉकचं तिकीट, बँकॉकच्या हॉटेलचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, पेनांग आणि क्वालालंपूरची हॉटेलं, शेवटी क्वालालंपूर-मुंबई. तारखांवर पेनाने गोल करा. तिने विचारलं की फोल्डर पुढे सरकवायचं आणि गप्प उभं राहायचं. रेल्वेचं तिकीट बघून कोणी नाक मुरडलं, कारण काहींना फक्त विमानाचं तिकीट म्हणजेच तिकीट वाटतं, तर शांतपणे म्हणायचं, "सुपरवायझरना विचारता का?" वाद घालू नका. मी इतके नियम पाठ करून आलेले लोक पाहिलेत, की त्यांच्यामुळे साधं काम अर्धा तास लांबलं.

डमी तिकिटाबद्दल. याचे दोन-तीन प्रकार असतात. पहिल्यात एजंट त्याच्या सिस्टिमवर नुसती जागा धरून ठेवतो. सहा अक्षरी पीएनआर मिळतो, कागद अगदी तिकिटासारखा दिसतो, पण पैसे भरलेले नसतात. एक-दोन दिवसांत ते बुकिंग आपोआप गळून पडतं. त्याचा एजंटला खर्च जवळजवळ शून्य, तुमच्याकडून नऊशे. आता तुम्ही बुधवारी कागद घेतला आणि शुक्रवारी रात्री काउंटरवर आलात, मुलीने पीएनआर टाकून बघितला, तर तिथे 'कॅन्सल्ड' लिहून येतं. आणि बघतात बरं का. पक्कं तिकीट असेल तर १३ आकडी तिकीट नंबर असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, थाई एअरवेजचे २१७. कागदावर पीएनआर आहे आणि १३ आकडी नंबर नाही, हे मला एका सेकंदात कळायचं. काही स्वस्तातल्या कंपन्या तो नंबर छापत नाहीत, तिथे 'पेमेंट कन्फर्म्ड' आहे का ते बघायचं.

दुसऱ्या प्रकारात खरंच तिकीट काढतात आणि तुम्ही गेलात की रद्द करून परतावा घेतात. त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नाही. तिसरा प्रकार म्हणजे जुन्या पीडीएफमध्ये नाव आणि तारीख बदलून देणं. ही सरळ फसवणूक आहे, आणि पकडला जातो तो कागद हातात धरणारा, एजंट नाही. तुमचा एजंट यातला कुठला प्रकार देणार हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तुमच्याकडे खरे कागद असताना या भानगडीत पडूच नका.

'ओके टू बोर्ड' म्हणजे व्हिसा बघून 'याला विमानात बसू द्या' अशी बुकिंगवर घातलेली नोंद. ते तुमच्यासाठी नाही. ते प्रामुख्याने आखाती देशांच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी, काही विमान कंपन्यांनी लावलेलं प्रकरण आहे. तुमचा तर व्हिसाच नाही, मग ओके कशाचं करणार? ते पाचशे रुपये देऊ नका.

भटकंतींनी लिहिलंय, उभ्या उभ्या मोबाइलवर तिकीट काढता येतं. येतं ना. रात्री दीड वाजता, एक मुलगा काउंटरच्या कडेला उभा, बाजूला बॅग, बॅगेवर लॅपटॉप. कार्ड घेत नाही. का घेत नाही? तर रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आपण बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ॲप म्हणतं आधी अपडेट करा. अपडेट होईस्तोवर ओटीपीची वेळ संपते. मग घरी फोन, बाबांना झोपेतून उठवून त्यांचं कार्ड. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद, मी इच्छा असूनही काही करू शकायची नाही. असले प्रसंग दर आठवड्याला व्हायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना शेवटी तिकीट मिळायचंही, पण घाईत दुप्पट भावाचं.

तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार आत्ताच चालू करा. तिकीट असो वा नसो, मलेशियात लागतीलच.

मिरजकर_मेकॅनिक:

ताई, मनापासून धन्यवाद. म्हणजे गाडी पासिंगला नेताना पीयूसी आधीच काढून वर ठेवायची, तसलंच. हे मला समजतं. रेल्वेचं तिकीट आज रात्रीच मुलाला काढायला सांगतो. पण एक विचारू? थायलंडमध्ये उतरल्यावर तिथला अधिकारी परत सगळं मागेल का? आणि मेहुण्याचं राहिलं.

रात्रपाळी_टी२:

तिथे मागितलंच तर हेच फोल्डर. हॉटेल कुठे, किती दिवस, एवढंच विचारतात बहुधा. माणशी २०,००० बाथपर्यंत पैसे दाखवा म्हणू शकतात, क्वचितच म्हणतात, पण थोडी रोकड आणि कार्ड जवळ असू द्या. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नाही, बंद करा. तुमच्या एजंटला हे सांगू नका, तो त्याचेही पाचशे लावेल.

मेहुण्यांचं नीट वाचा. यात थायलंडपेक्षा आपल्या बाजूचा प्रश्न जास्त आहे. ईसीआर म्हणजे दहावी न झालेल्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. त्या यादीत आखाती देश तर आहेतच, पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. तुमचे दोन्ही देश यादीतले. फिरायला जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही, पण 'फिरायलाच चाललोय' हे आपल्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला पटायला हवं. आणि त्याच्यासाठी परतीचं तिकीट हा पहिला पुरावा.

मधल्या काळात हे कडक झालंय त्याला कारण आहे. थायलंडमध्ये आयटीची, डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून आपल्या पोरांना बोलवायचे आणि हद्दीपार म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपायचे. परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यावर जाहीर इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये तर थायलंडच्या म्ये सोतहून वायुदलाची विमानं पाठवून शेकडो जणांना परत आणावं लागलं. त्यामुळे बँकॉकचं एकेरी तिकीट आणि ईसीआरचा पासपोर्ट अशी जोडी दिसली की अधिकारी दोन प्रश्न जास्तीचे विचारतो. तो त्रास द्यायला विचारत नाही.

मेहुण्यांनी रांगेत तुमच्या मागेपुढेच राहावं, "हे माझे मेहुणे, आम्ही तिघं एकत्र" असं सांगता येईल. मात्र त्यांच्या कागदांची वेगळी प्रत त्यांच्याच हातात हवी. आणि कुठे चाललो, कोणत्या हॉटेलात, परत कधी, हे त्यांना स्वतःला सांगता आलं पाहिजे. "दाजींना माहीत आहे" हे उत्तर चालत नाही, अनुभवाने सांगते. घरी एकदा विचारून बघा. मराठीत सांगितलं तरी हरकत नाही, मुंबईच्या इमिग्रेशनला मराठी कळणारे असतात. पन्नाशी उलटली की ईसीआर काढून घेता येतं, पण त्यांना अजून अवकाश आहे.

कोथरूडची_अवंती:

वरच्या ताईंच्या म्हणण्याला दुजोरा. आमचा किस्सा फिलिपाइन्सचा. तिकडे भारतीयांना जून २०२५ पासून १४ दिवसांची व्हिसामाफी मिळालीय, पण परतीचं किंवा पुढचं तिकीट याबाबतीत ते थायलंडपेक्षा कितीतरी कडक. माझ्याकडे पक्कं, पैसे भरलेलं तिकीट होतं, तरी एका कंपनीच्या काउंटरवर अडवलं. कारण काय, तर परतीचं विमान रात्री बारा वाजून काही मिनिटांनी सुटणारं. माझ्या हिशेबाने चौदावा दिवस मावळत होता, त्यांच्या हिशेबाने पंधरावा उजाडला होता. तारीख बदलून घ्यायला जे पैसे पडले त्यात तिथे बोटीची एक सफर झाली असती. मुदत पूर्ण भरायला जाऊ नका, एक-दोन दिवस हातचे ठेवा. काकांना याची गरज नाही, बाकीच्यांसाठी लिहितेय.

भटकंती_नॉनस्टॉप:

मान्य, माझं परतीचं तिकीट एकत्रच असतं. पण तरी म्हणतो, हा नियमच मुळात डोकं फिरवणारा आहे. ज्याला ओव्हरस्टे करायचाय, म्हणजे मुदतीनंतरही तिथेच राहायचंय, तो तिकीट काढून फेकून देईलच ना? आणि खऱ्या भटक्या माणसाला पुढे कुठे जायचं ते आधी माहीत नसतं. व्हिएतनाम आवडलं तर राहीन, नाही आवडलं तर लाओस. तिकीट आधी काढा म्हणजे भटकंती कसली!

रात्रपाळी_टी२:

बरोबर आहे तुमचं, मलाही तो नियम फारसा शहाणपणाचा वाटत नाही. न्यूझीलंड बघा, तिकीट नसेल तर तिकीट काढण्यापुरते पैसे दाखवा, तेही चालतं म्हणतात. हे माणसासारखं झालं. पण काउंटरवरच्या मुलीशी यावर चर्चा करून उपयोग नाही, तिने तो नियम केलेला नाही.

तुमच्यासारख्यांनी सरळ एखादं खरं, स्वस्त तिकीट काढावं. बँकॉकहून क्वालालंपूर किंवा पेनांगला आधी बुकिंग केलं तर पुष्कळदा दोन-चार हजारांत विमान मिळतं. गेलात तर गेलात, नाही तर बुडाले. डमीपेक्षा महाग, पण रात्री झोप लागते.

पेनांगचा_पाहुणा:

काका, तुमच्या रेल्वेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मूळचा सोलापूरचा, पेनांगमधल्या बायान लेपासला एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात आहे. गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन त्याच गाडीने आलो.

तिकीट हद्दीवरच्या पादांग बेसारपर्यंत काढा. हे महत्त्वाचं. गाडी बँकॉकच्या नव्या टर्मिनलवरून सुटते, क्रुंग थेप अफिवाट नाव आहे, जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनवर जाऊ नका. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या ठिकाणाहून सुटतात, पण काही टॅक्सीवाले रेल्वे स्टेशन म्हटलं की अजूनही जुन्याकडेच नेतात. दुपारनंतर निघते, सकाळी दक्षिण थायलंडमधल्या हात्याईला येते. हात्याईला गाडी तुटते, मोठा भाग सुंगाई कोलोककडे जातो आणि मोजकेच डबे पुढे पादांग बेसारला येतात. तुमचं तिकीट पादांग बेसारचं असेल तर तुम्ही आधीपासूनच त्या डब्यात असता. डबे तोडताना खाली उतरून बघायचा मोह होईल, मिरजकर आहात म्हणून सांगतो, सौं.ना आत बसवून जा आणि फार लांब जाऊ नका.

सौं.साठी खालचा बर्थ घ्या, थोडा महाग असतो पण रुंद आहे. रात्री माणूस येऊन गादी घालतो, पांढरीशुभ्र चादर, पडदा. माझ्या आईने तर पडदा ओढून आधी दशम्या काढल्या.

पादांग बेसार स्टेशन मलेशियाच्या हद्दीत आहे, पण दोन्ही देशांची इमिग्रेशन एकाच इमारतीत. आधी थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग दहा-वीस पावलांवर मलेशियाचा आत आल्याचा. सामान सगळं उतरवून सोबत न्यायचं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड वेगळं, तेही पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरा, ते थायलंडच्या हॉटेलात बसून भरता येईल. भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. तिथल्या बाईंनी बाबांकडे परतीचं तिकीट मागितलं, त्यांचं क्वालालंपूरहूनच होतं, बघितलं आणि मान डोलावली. म्हणजे एजंट ज्या तिकिटाला बिनकामाचं म्हणतो, ते तुमच्या मलेशियाच्या दारात सगळ्यात कामाचं. विमानतळावर भारतीय प्रवाशांना तिथे जास्त खोदून विचारतात, परत पाठवल्याच्याही बातम्या येतात, तेव्हा हॉटेलचे कागद इथेही लागतील.

आणि घड्याळ एक तास पुढे करा, मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. पुढच्या गाडीची वेळ मलेशियाच्या घड्याळाने असते. लोक हमखास चुकतात आणि डोळ्यांदेखत गाडी जाते. तिथून बटरवर्थपर्यंत लोकल आहे, साधारण दोन तास, आणि बटरवर्थ स्टेशनाजवळून पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनला फेरीबोट. बोटीवरून पेनांग दिसतं ते विमानातून दिसत नाही. या, फोन करा, घरी पिठलं-भाकरी करू.

मिरजकर_मेकॅनिक:

मंडळी, काम झालं. रेल्वेची तिन्ही तिकिटं निघाली, दोन खालचे बर्थ आणि एक वरचा. वरचा मेहुण्याला. मुलाच्या कार्डावर परदेशी व्यवहार खरंच बंद होते, ताई म्हणाल्या तसं ॲपमधून चालू केले तेव्हा पैसे गेले. फोल्डर सौ. लावतेय, तारखांना लाल पेनाने गोल केलेत.

मेहुण्याची काल जेवताना परीक्षा घेतली. कुठे चाललास? "बँकॉक." कशाला? "फिरायला." हॉटेल? "दाजींना माहीत आहे." त्यामुळे आता हॉटेलचं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि रोज विचारतोय.

एजंटला डमी नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तुमची मर्जी काका, अडवलं तर मला फोन करू नका." एकच अडचण, ओके टू बोर्डचे दीड हजार मी आधीच देऊन बसलो होतो, ते तो परत देत नाही. प्रोसेसिंग सुरू झालं म्हणतो.

रात्रपाळी_टी२:

कशाचं प्रोसेसिंग? कोणत्या विमान कंपनीकडे, कोणत्या संदर्भ क्रमांकाने अर्ज केला, ते लिहून मागा. तुमच्या पीएनआरवर अशी नोंद आहे का, हे विमान कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून दोन मिनिटांत कळेल. नोंद नसेल तर त्याला तेवढंच सांगा आणि पावती घेऊन दुकानात जाऊन बसा. गिऱ्हाइकांची वर्दळ असेल अशा वेळी जा, संध्याकाळी सहाच्या सुमारास.